सोनकांबळे मॅडमचे एकवीस दिवस

सोनकांबळे मॅडमना मी बसलेलं एकदाच पाहिलं, आणि ते अगदी शेवटी. स्टाफरूममध्ये त्यांची खुर्ची होती, पण तिच्यावर त्यांची पर्स बसायची. मॅडम उभ्या. उभ्यानेच चहा, उभ्यानेच पेपर तपासणं, आणि बोलायला लागल्या की येरझाऱ्या. ऐकणाऱ्याने मान डावीकडून उजवीकडे फिरवत राहायचं. आमचे प्राचार्य एकदा वैतागून म्हणाले, "मॅडम, तुम्ही एका जागी थांबलात तर मला तुमच्या अर्जावर सही करता येईल." मॅडम थांबल्या, सही झाली, आणि कागद हातात पडायच्या आत त्या परत चालायला लागल्या होत्या.

मी तेव्हा नांदेडच्या त्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होतो, तासिका तत्त्वावर. म्हणजे दरवर्षी नव्याने नेमणूक आणि वर्ष संपलं की ओळख नाही. अशा माणसाला कॉलेजात कुणीही कामाला लावतं. मला मॅडमनी लावलं. त्या प्राणिशास्त्राच्या. वयाने पन्नाशी ओलांडलेल्या, बुटक्या, अंबाड्यात कायम एक पेन खोवलेलं, आणि ते तिथे आहे हे विसरून दर दोन दिवसांनी माझं पेन नेणार.

"उदगीरकर, तुम्ही रिकामे दिसून राहिलात," त्या म्हणाल्या. माझं आडनाव उदगीरकर नाही. मी उदगीरचा आहे एवढं कळल्यावर त्यांनी माझं बारसं केलं ते कायमचं. "रिकामं माणूस बघितलं की मला घाबरायला होतं. चला."

प्रयोगशाळेमागे एक अडगळीची खोली होती. मोडकी बाकं, जुने नकाशे, एक सांगाडा. ते सगळं बाहेर काढून मॅडमनी तिथे काचेच्या टाक्या मांडल्या होत्या आणि त्यांत बोटाच्या दोन पेरांएवढे, निळ्या पट्ट्यांचे मासे सोडले होते. आरोग्य खात्याने हौदांत गप्पी मासे सोडायची सवय लावल्यापासून आपल्याकडे प्रत्येक बारका मासा गप्पी असतो. येईल तो म्हणायचा, "मॅडम, गप्पी का?" मॅडम दर वेळी तेवढ्याच चिडायच्या. "पट्टे दिसत नाहीत का? झेब्रा मासा आहे हा. गप्पी पिल्लं घालतो, हा अंडी घालतो. मला अंडी पाहिजेत."

अंडी का पाहिजेत, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत. पाण्यात विष आहे का हे बघायला लोक त्यात मासा सोडतात. मेला तर पाणी वाईट, जगला तर चांगलं. मॅडमना हा हिशेबच मान्य नव्हता. "मेला नाही म्हणजे बरं चाललंय का? आपल्या ओळखीत किती माणसं मेलेली नाहीत, त्यांचं बरं चाललंय का? त्याचा संसार चालतो का ते बघा. अंडी घालून राहिला का? घातलेल्या अंड्यांत जीव धरून राहिला का? जरा घाण पाणी असलं तर मासा मरत नाही, उदगीरकर. तो खातो, पितो, फिरतो. फक्त पुढचं थांबतं."

त्यांची पद्धत अशी होती. काही टाक्यांत साधं, चांगलं पाणी. काहींत तपासायचं पाणी. प्रत्येक टाकीत थोडे नर, थोड्या माद्या. दिवसाआड पाणी बदलायचं. रोज सकाळी अंडी मोजायची. असे एकवीस दिवस. बाविसाव्या दिवशी दोन्हींकडची बेरीज समोरासमोर ठेवायची, म्हणजे पाणी स्वतःच बोलतं.

हा मासा अंडी घालतो पहाटे, उजेड झाल्या झाल्या, आणि घातली की स्वतःच खायला वळतो. म्हणून टाकीच्या तळाला काचेच्या गोट्या पसरायच्या. अंडी गोट्यांच्या फटींतून खाली जातात, माशाचं तोंड तिथे पोचत नाही. या गोट्या आणायला आम्ही इतवाऱ्याच्या बाजारात गेलो. मॅडमनी दुकानातली बरणीच मागितली, आणि मग दुसरी. प्रत्येक गोटी उजेडात धरून, ओरखडा असलेली बाजूला. दुकानदार चाचा बराच वेळ बघत राहिले. शेवटी म्हणाले, "बाई, नातवंडं किती हायेत तुम्हाला?"

"अजून मोजायचीत," मॅडम म्हणाल्या. चाचांनी घाबरून आणखी काही विचारलं नाही.

उजेडाचंही असंच. दिवा रोज ठरल्या वेळी लागला पाहिजे, ठरल्या वेळी विझला पाहिजे, नाहीतर मासे गोंधळतात. आपल्याकडची वीज कुणाच्या वेळा पाळते? मॅडमनी घरचा इन्व्हर्टर उचलून कॉलेजात आणला. त्यांचे यजमान रेल्वेच्या ऑफिसात होते, शांत गृहस्थ. एकदा फाटकाशी भेटले तर मला म्हणाले, "आमच्याकडे माणसं अंधारात आणि मासे उजेडात. तुमचं ठीक आहे ना?"

सकाळी सव्वासहाला मॅडम खोलीत असत. तेव्हापासून मोजणी होईपर्यंत दार बंद. नळीने अंडी उचलायची, काचेच्या बशीत घ्यायची, भिंगाखाली धरायची. खसखशीच्या दाण्याएवढं अंडं. जिवंत असेल तर आरपार दिसतं, वाया गेलेलं असेल तर पांढरं. मॅडम तोंडाने पुटपुटत मोजायच्या आणि रजिस्टरात लिहायच्या. एकदा तपासणी समिती येणार म्हणून प्राचार्यांनी दार वाजवलं. आतून आवाज आला, "थांबा, शंभराच्या पुढे गेलेय." प्राचार्य थांबले. त्यांची स्वतःची खोली सोडून ते कुठे थांबलेले मी फक्त तिथे पाहिले. दार उघडल्यावर त्यांनी सुचवलं की समितीसाठी दोनचार रंगीत मासे ठेवावेत, बरं दिसेल. मॅडम म्हणाल्या, "सर, समितीला अंडी घालायची आहेत का?" त्यानंतर माशांविषयी त्यांना कुणी काही सुचवलं नाही.

हे सगळं हौसेचं चाललं होतं तोवर मलाही मजा येत होती. मग एक दिवस मॅडमनी वर्तमानपत्राची घडी माझ्यापुढे टाकली. आतल्या पानावर चार ओळींची बातमी. जळकोटच्या बाजूचं एक गाव. गावाचं नाव मी लिहीत नाही, गावाला अजून तिथेच राहायचं आहे. गावावरून ओढा येतो, ओढ्यावर वरच्या अंगाला एक कारखाना. गेली काही वर्षं म्हशी गाभडतात, दिवस भरायच्या आधीच रेडकू पडतं, नाहीतर गाभणच राहत नाहीत, अशी गावाची तक्रार. सरकारी तपासणी झाली, पाणी मर्यादेत आहे असा अहवाल आला. लातूरला सुनावणीची तारीख लागली होती.

"पाणी मर्यादेत आहे म्हणे," मॅडम म्हणाल्या. त्या दिवशी त्या इतक्या वेगाने चालत होत्या की मला बघवेना. "मासा सोडला असेल. मेला नसेल. झालं. उद्या आपण जाऊन राहिलो."

गावात तक्रारीवर पहिली सही शिवकांताकाकूंची होती. ओढ्याच्या काठाला शेत, शेतातच घर, गोठ्यात चार म्हशी. साठीच्या, कपाळाला विभूती, आवाज गोठ्यापासून ओढ्यापर्यंत जाणारा. मी लिंगायत, त्या लिंगायत. पाच मिनिटांत त्यांनी माझं घराणं, मठ, मावशीचं सासर सगळं खणून काढलं, आणि दहाव्या मिनिटाला माझ्यापुढे धपाटे आणि दही होतं. मी खाल्लं. तांब्या आला, प्यायलो. मॅडमपुढेही तांब्या धरला.

"आत्ताच प्याले काकू," मॅडम म्हणाल्या आणि पर्समधली बाटली दाखवली.

काकूंचं प्यायचं पाणी ओढ्याचं नव्हतं, देवळाजवळच्या बोअरचं होतं. हे मी मॅडमना सांगितलंही. त्या म्हणाल्या, "हाव, माहितेय." त्यानंतर आम्ही तिथे चार वेळा गेलो. चारही वेळा मी धपाटे खाल्ले आणि मॅडम आत्ताच प्यालेल्या होत्या. मला वाटलं, प्राणिशास्त्राची बाई, जंतूंना भीत असेल.

प्रयोग सुरू झाला. दोन कॅन: एक कारखान्याच्या वरच्या अंगाचं पाणी, एक खालच्या. खालच्या कॅनला लाल चिंधी बांधलेली. दिवसाआड एसटीने जायचं, कॅन भरायचे, एसटीने यायचं. गाडीत जागा मिळाली की मॅडम तिच्यावर कॅन ठेवत आणि स्वतः दांडीला धरून उभ्या राहत. एक कंडक्टर रोजचा झाला होता. "मॅडम, पाणी बसून राहिलं अन् तुम्ही उभ्या?" तो विचारायचा. "ते सांडेल, मी सांडत नाही," मॅडम म्हणायच्या.

पहिल्या आठ दिवसांत लाल चिंधीच्या टाक्यांतली अंडी उतरत गेली. जी होती त्यांतली बरीच पांढरी. रजिस्टर बघून मी खूश झालो, आणि मॅडम माझ्यावर भडकल्या. "कुणाची अंडी मरून राहिली अन् तुम्ही हसता?" पण काकूंना फोन करताना त्यांचाही आवाज आनंदाने चढलेला होता, एवढं मी ऐकलं.

नवव्या दिवशी विद्यापीठाच्या परीक्षा लागल्या. मॅडमना पर्यवेक्षण, मलाही. जायचं कोणी? काकू म्हणाल्या, त्यात काय, मी भरून सकाळच्या गाडीत ठेवते. तो कंडक्टरही तयार झाला. मॅडमनी कागदावर बारा सूचना लिहून दिल्या आणि मी त्या काकूंना फोनवर वाचून दाखवल्या. कॅन साबणाने धुऊ नये. काठोकाठ भरावा. उन्हात ठेवू नये. लाल चिंधी सोडू नये. काकूंनी प्रत्येक सूचनेला "हाव बाबा" म्हटलं.

कॅन अगदी वेळेवर येऊ लागले. आणि अकराव्या-बाराव्या दिवसापासून लाल चिंधीच्या टाक्यांतली अंडी वाढायला लागली.

त्यानंतरचे दिवस मॅडमनी मला आणि स्वतःला जगू दिलं नाही. कारखाना बंद आहे का? चालू होता. वर पाऊस पडला का? थेंब नाही. मासे सरावले का? सरावतात का असे? माझ्या तासाला दारात येऊन त्या हात करायच्या, मी खडू टाकून बाहेर जायचो, आणि त्या विचारायच्या, "गोट्या बदलल्या का कुणी?" मुलं हसायची. मलाही राग यायचा. सुनावणी पुढच्या आठवड्यात, गावाचा सगळा भरवसा या मोजणीवर, आणि मोजणी सांगत होती की पाणी ठीक आहे. काकूंच्या गोठ्यातली चौथी म्हैसही त्या आठवड्यात गाभडली होती.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी मॅडमनी रिकामा कॅन उलटा करून बुडाला बोट फिरवलं. बोट माझ्यापुढे धरलं.

"गाळ कुठाय?"

खरंच, बोटाला काही नव्हतं. आम्ही आणायचो तेव्हा कॅनच्या बुडाला करडा चिकट साका राहायचा. आता पाणी नितळ येत होतं, आणि ते मी दर खेपेला टाकीत ओतत होतो. मला वाटलं होतं, उन्हाळ्यात ओढा निवळला असेल.

एकविसाव्या दिवशी, शेवटची मोजणी झाल्यावर, आम्ही न कळवता गावात गेलो. काकू अंगणात होत्या. मोठ्या पातेल्यात ओढ्याचं पाणी, आणि काकू हातातला तुरटीचा खडा त्यात गोल गोल फिरवत होत्या. बाजूला आमचा कॅन, त्याच्या तोंडावर धुतलेल्या पातळाची चौपदरी घडी. एक पातेलं निवळून तयार होतं. ते त्यांनी तोल सांभाळत, वरचं वरचं, गाळून कॅनमध्ये ओतलं. तळातला गाळ झाडाच्या बुंध्याशी फेकला. मग आमच्याकडे बघून त्यांचा चेहरा फुलला.

"या की! बगा, तुमच्या माशांचं चालू हाय."

मी तोंड उघडलं होतं. मॅडमनी माझा दंड धरला.

"कधीपासून काकू?" त्यांनी विचारलं.

"पयल्या दिसापासून. येक दिस चुकवला न्हाई. आमच्या घरी न गाळता पानी कुनाला देत न्हाईत. मुक्या जीवाला तसलं गडूळ द्यायचं, मन न्हाई झालं माजं. लाजच वाटली असती मला तुमच्यापुढं." मग जरा काळजीने, "मासे बरे हायेत ना?"

"लई बरे आहेत," मॅडम म्हणाल्या.

विष त्या गाळाबरोबरच फेकलं जात होतं, आणि बारा सूचनांत 'गाळू नये' अशी सूचना नव्हती. प्रयोगाचं पाणी गाळायचं नसतं हे आम्हाला इतकं पाठ होतं, की ते कुणाला सांगावं लागतं हे दोघांनाही सुचलं नाही.

परतीच्या एसटीत मी मॅडमशी भांडलो. खरं भांडलो. पहिल्या आठ दिवसांचे आकडे आपल्याकडे आहेत, म्हणालो. अंडी उतरलेली स्पष्ट दिसतात. तेवढे द्या. पुढचे फाडा. तिघांना माहीत आहे, आणि तिसरीला काय झालं हेसुद्धा माहीत नाही.

"प्रयोग किती दिवसांचा?" मॅडम म्हणाल्या. त्या दांडीला धरून उभ्या होत्या.

"एकवीस. पण..."

"मग उद्या कारखान्याने त्यांच्या सोयीच्या आठ दिवसांचा कागद आणला, तर तुम्ही काय म्हणाल?"

"म्हणजे गाव हरलं तरी चालेल. तुमचं रजिस्टर स्वच्छ राहिलं पाहिजे." हे मी म्हणालो. अजून आठवलं की कानाच्या पाळ्या तापतात.

मॅडम खिडकीबाहेर बघत बोलल्या.

"मी याच गावची आहे, उदगीरकर. पलीकडच्या वस्तीतली. मी सात वर्षांची असताना आम्ही नांदेडला आलो. माझी आई या काकूंच्या शेतात खुरपायला जायची. तहान लागली की ओंजळ धरून उभं राहायचं. काकूंच्या सासूबाई वरून पाणी ओतायच्या. तांब्या लागू द्यायच्या नाहीत. मी शेजारी उभी राहून आईच्या कोपरावरून गळलेलं पाणी बघायचे. मला आधी वाटायचं पाणी असंच पितात." त्यांनी दांडीवरचा हात बदलला. "आता त्याच घरात माझ्या माशांसाठी चौपदरी गाळून राहिले. मी कुणावर चिडू? सांगा तुम्ही."

चारही खेपांना त्या आत्ताच का प्यालेल्या असायच्या हे मला तेव्हा कळलं. शेजारी बसून धपाटे खाणाऱ्या मला ते आधी कळायला हरकत नव्हती. लाज वाटली, पण रागही गेला नाही. दोन्ही एकाच वेळी घेऊन मी नांदेडला उतरलो.

लातूरच्या सुनावणीला लांब टेबल, पंखा, टेबलापलीकडे अधिकारी. एका बाजूला कारखान्याचा माणूस, जाड फाईल घेऊन. दुसऱ्या बाजूला काकू आणि गावातले दोघेतिघे. काकू इरकल नेसून आल्या होत्या. मॅडमना बोलावल्यावर त्या रजिस्टर घेऊन उभ्या राहिल्या, आणि शेवटच्या क्षणापर्यंत मला वाटत होतं की त्या शहाणपणा करून आठ दिवसांचे आकडे तेवढे देतील.

"साहेब, माझी चाचणी रद्द समजावी," मॅडम म्हणाल्या. "नवव्या दिवसापासून टाक्यांत ओढ्याचं पाणी जसंच्या तसं गेलेलं नाही. ते निवळून, गाळून गेलं. सूचना द्यायची माझ्याकडून राहिली. चूक माझी आहे. पुन्हा एकवीस दिवस द्यावेत."

"गाळलं कोणी?" कारखान्याच्या माणसाने विचारलं.

"चूक माझी आहे, असं सांगितलं मी," मॅडम म्हणाल्या.

तो हसला. अधिकाऱ्यांनी वेळ दिला नाही. तक्रार पुराव्याअभावी निकाली, नवीन अर्ज करता येईल, असं टंकलेलं दुपारी हातात आलं. गावातले दोघेतिघे मॅडमकडे न बघता निघून गेले. काकू मात्र भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांना सगळं समजलं होतं. हातातल्या पिशवीचे बंद त्या सोडत होत्या, बांधत होत्या.

"माज्यामुळं," त्या एवढंच म्हणाल्या.

मॅडमनी त्यांचा हात धरला, आणि तिथेही चालायलाच लागल्या, काकूंना बरोबर घेऊन, त्या लांब व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

पुढचं थोडक्यात सांगतो. मॅडमनी पुन्हा चाचणी केली, कुणी न मागता. नवे मासे, धुतलेल्या गोट्या, पुन्हा तोच इन्व्हर्टर. तोवर मला लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात कायमची नोकरी लागली. सकाळी आठ वाजता त्यांचा मेसेज यायचा. कधी 'आज पण कमी', कधी 'पांढरी जास्त'. एकविसाव्या दिवशी आला, 'झाले.' रजिस्टरची प्रत नव्या अर्जाबरोबर गेली, पोच मिळाली. उत्तर अजून आलेलं नाही. मी महिन्यातून एकदा त्या कार्यालयात जाऊन विचारतो, आणि तिथला कारकून मला लांबूनच ओळखतो. आठ दिवसांचे आकडे दिले असते तर? अजून कधी कधी मी मनातल्या मनात त्यांच्याशी त्या एसटीत भांडत असतो. जिंकत मात्र नाही.

पण मॅडम आठवल्या की मला त्या दुसऱ्या चाचणीचा पहिला कॅन आठवतो. लातूरला रुजू व्हायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. त्यानंतर आमची भेट नाही, फक्त मेसेज.

सकाळचे नऊ वाजले असतील. काकू ओढ्यावर आमच्याबरोबर आल्या. कॅन मीच भरतो, असं मी म्हणालो, तर ऐकेनात. पदर खोचून पाण्यात उतरल्या. कॅन बुडवला. करडं, फेसाळ पाणी गुडगुडत आत शिरलं. काकूंनी मान दुसरीकडे वळवली होती.

"आसंच द्यायचं?" त्यांनी वर बघून विचारलं. "गाळ बी जाऊ द्यायचा?"

"हाव काकू. गाळ पण."

काकूंनी झाकण लावलं, लाल चिंधी बांधली, आणि कॅनला हात लावून तो कपाळाला लावला, पाया पडताना लावतात तसा. अंगणात आल्यावर काकू म्हणाल्या, "येवड्या खेपा केल्या तुमी. माज्या घरचं पानी न्हाई घेतलं कदी."

मॅडम अंगणातून दोनदा इकडून तिकडे गेल्या. मग थांबल्या.

"काकू, मी गंगूची पोरगी. पलीकडच्या वस्तीतली. आई तुमच्याकडं खुरपायला यायची."

काकू बघत राहिल्या. त्यांना आठवायला वेळ लागला, आणि आठवलं तेही आम्हाला दिसलं. त्यांचा हात तोंडावर गेला.

"सासूबाई..." काकू म्हणाल्या आणि पदराने ओटा पुसायला लागल्या.

मॅडम ओट्याशी गेल्या. पर्समधली बाटली काढून बाजूला ठेवली. आणि ओट्यावर बसल्या. पाय सोडून, भिंतीला पाठ टेकून, नीट बसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना बसलेलं पाहिलं ते तेव्हा.

"माशांना तसंच द्या काकू," त्या म्हणाल्या. "मला मात्र गाळून द्या."

काकू आत गेल्या. भांडं लागल्याचा आवाज आला, मग पाणी गाळल्याचा. तांब्या भरून त्या बाहेर आल्या आणि दोन्ही हातांनी मॅडमच्या हातात दिला. मॅडमनी तो तोंडाला लावला आणि सगळा तांब्या एका दमात रिकामा केला.